राखीव जागा दिलीत, आता वर्कशॉपपर्यंत वाटही द्या

प्रति,
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. प्रधान सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
मा. संचालक, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, मुंबई
यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र मी टपालानेही पाठवते आहे. तरी ते सगळ्यांसमोर ठेवायचं ठरवलं, कारण आयटीआयच्या (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या) दारातून अपंगत्व, लिंग किंवा जातीमुळे मागे वळवल्या गेलेल्या ज्या मुलामुलींबद्दल ते आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना आपला हक्क डावलला गेला हेच कळत नाही. ती घरी जातात आणि म्हणतात, आपल्याला जमलंच नसतं. त्यांच्या आईवडिलांनाही तसंच वाटतं. तक्रार होत नाही, म्हणून आपल्या कार्यालयात कुठली नोंद होत नाही आणि नोंद नाही म्हणून सगळं ठीक चाललं आहे असा समज पक्का होतो.

आत्ताच लिहिण्याचं कारण सांगते. आयटीआय सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम-सेतू योजनेला मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती सुरू झाली. देशातल्या १,००० शासकीय आयटीआयसाठी एकूण ६०,००० कोटी रुपये: ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे. २०० संस्था मुख्य केंद्रं होणार, ८०० संस्था त्यांना जोडल्या जाणार. माझ्या नोकरीच्या काळात आयटीआयसाठी एवढ्या पैशाची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. आपल्या राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. त्यातल्या अनेकांची कौलं गळतात, मशिनं जुनी झाली आहेत. पण इमारत उभी राहिल्यावर रॅम्प मागितला की उत्तर ठरलेलं असतं: आराखड्यात तरतूद नव्हती. म्हणून आराखडे मंजूर होण्याआधी हे बोलते आहे.

मी टर्नर ट्रेडची, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाची, शिल्पनिदेशक (प्रशिक्षक) होते. नोकरीची सगळी वर्षं लेथसमोर, विद्यार्थ्यांच्या घोळक्यात गेली. मी स्वतः त्याच ट्रेडची प्रशिक्षणार्थी होते, तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. निवृत्त झाल्यावर या प्रश्नाकडे दुरून पाहता आलं असतं. पण माझ्या भाचीच्या बाबतीत जे घडलं त्यानंतर गप्प बसणं शक्य नाही.

भाचीच्या डाव्या पायात जन्मापासून दोष आहे. कॅलिपर लावून ती चालते. दहावीला चांगले गुण होते आणि लहानपणापासून रेडिओ, चार्जर, मिक्सर उघडून बसायची, म्हणून तिने ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ ट्रेड पहिल्या पसंतीला टाकला. जागा मिळाली. कागदपत्रांच्या पडताळणीला ती आईबरोबर संस्थेत गेली. तिथल्या एका कर्मचाऱ्याने तिच्या पायाकडे पाहिलं आणि आवाज न चढवता, अगदी आपुलकीने सांगितलं, ‘बाळा, या ट्रेडचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. रोज चढ-उतार तुला झेपायची नाही. सोल्डरिंगचं काम असतं, काही झालं तर जबाबदारी कोणाची? कोपा घे, खाली संगणकाची लॅब आहे.’ कोपा म्हणजे संगणक चालवण्याचा ट्रेड. माझी बहीण घाबरली. मुलीने मान खाली घातली. प्रवेश निश्चित झाला नाही आणि ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्या कोणाला गेली. मला हे सगळं नंतर समजलं.

या प्रसंगात कोणी तिच्यावर ओरडलं नाही, कोणी अर्ज फेटाळला नाही, कुठल्याही कागदावर ‘नाकारले’ असा शब्द नाही. आपल्या संगणकात फक्त एवढंच दिसेल की उमेदवाराने प्रवेश निश्चित केला नाही. दाद मागायची तर कशाविरुद्ध? माझ्या या पत्राचा सगळा भार याच गोष्टीवर आहे. आमच्या क्षेत्रातला नकार तोंडी असतो. तो कागदावर येत नाही, म्हणून मोजला जात नाही, आणि म्हणून त्याला कायद्याची भीती नाही.

कायदा तर स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम १६ सांगतं की शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत आणि सोयी सुगम कराव्यात आणि त्या विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी. कलम १९ तर खास आमच्यासाठी आहे: मुख्य प्रवाहातल्या सगळ्या व्यवसाय व कौशल्य प्रशिक्षण योजनांमध्ये दिव्यांगांना सामावून घ्यावं आणि त्यासाठी पुरेसं साहाय्य द्यावं. भाचीसाठी वाजवी सोय म्हणजे काय होती? त्या तुकडीचा वर्ग तळमजल्यावर आणणं. एक टेबल, एक स्टूल, एक सोल्डरिंग स्टेशन. यासाठी मंत्रालयाची मंजुरी लागत नाही, प्राचार्यांची एक सही पुरते.

दुसरी बाब ट्रेडच्या यादीची. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत प्रत्येक ट्रेडसाठी कोणत्या प्रकारच्या दिव्यांगांना तो घेता येईल याची संकेताक्षरं छापलेली असतात. यादी करण्यामागचा हेतू चांगला असेल, तरी ती वापरली जाते दार बंद करायला. ‘तुमचा प्रकार यादीत नाही’ म्हटलं की विषय संपतो. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सांगितलं की केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो विद्यार्थी तो अभ्यासक्रम प्रत्यक्षात पूर्ण करू शकतो का, हे त्या व्यक्तीला तपासून ठरवावं लागेल. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला जो न्याय लागू होतो तो फिटर, वायरमन किंवा मेकॅनिक होऊ पाहणाऱ्याला का लागू होऊ नये?

माझ्या हाताखाली ऐकू न येणारा एक मुलगा शिकला. लेथवर टूल बोथट झालं की आवाज बदलतो आणि आम्ही सगळे कानानेच ओळखतो. त्याला ते शक्य नव्हतं. तो टूलपोस्टजवळ, म्हणजे टूल पकडणाऱ्या भागाजवळ, हात ठेवून थरथर ओळखायचा आणि निघणाऱ्या चिपचा (धातूच्या किसाचा) रंग पाहायचा. चिप निळी पडू लागली की फीड, म्हणजे टूल पुढे सरकवणं, थांबवायचा. इतर मुलांना जे शिकवायला मला महिने लागले ते तो स्वतःहून शिकला. त्याच्यासाठी मी भोंग्याच्या जोडीला एक लाल दिवा बसवून घेतला, सूचना फळ्यावर लिहायला लागले आणि बाकीच्या मुलांना चार-सहा खुणा शिकवल्या. त्याचा फायदा वर्कशॉपच्या गोंगाटात सगळ्यांनाच झाला. हे सगळं माझ्या मर्जीवर चालत होतं. माझ्या जागी दुसरं कोणी असतं आणि ‘मशिनवर बहिऱ्याला उभा करणार नाही’ म्हणालं असतं, तर त्या मुलाला विचारायला कुठली खिडकी नव्हती. हक्क निदेशकाच्या स्वभावावर अवलंबून ठेवता येत नाही.

इमारतींबद्दल थोडक्यात. मी जिथे जिथे काम केलं तिथे वर्कशॉपचा जोता उंच होता, मालाची गाडी लागायला सोपं जावं म्हणून. माणसासाठी पायऱ्या, त्यांना कठडा नाही. स्वच्छतागृहाचं दार इतकं अरुंद की व्हीलचेअर आत जाणार नाही. कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ ला आले, म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर त्या नियमांपैकी नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. सुगमतेचे निकष नुसते शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं न्यायालयाने सांगितलं. आपल्या किती आयटीआय आज या निकषांत बसतात? हा आकडा आपल्याकडे असेल तर तो जाहीर करा. नसेल, तर तो तयार करणं हे पहिलं काम आहे.

आता मुलींविषयी. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण हे मी प्रशिक्षणार्थी म्हणून भोगलं आणि निदेशक म्हणून रोज पाहिलं.

आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. ते हवंच होतं. पण कोणत्याही आयटीआयच्या आवारात दुपारी जेवणाच्या सुट्टीत उभं राहून पाहा. शिवणकाम, ड्रेस मेकिंग, ब्यूटी, कोपा इथून मुली बाहेर येतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, डिझेल मेकॅनिक इथून मुलगे. वीजतंत्रीला अलीकडे काही मुली दिसतात. पगार कुठे आहे हे आपणही जाणता. ज्या ट्रेडला चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरीच्या कारखान्यांत मागणी आहे त्यात मुलगी विरळा, आणि जिथे घरबसल्या चार पैसे मिळतील तिथे तिची गर्दी. मुलगी फिरकली नाही की राखीव जागा पुढच्या फेरीत मुलांना जाते आणि आकड्यांत दिसतं की ‘महिला उमेदवार उपलब्ध नाहीत’.

त्या उपलब्ध का नाहीत, हे विचारलं जात नाही. मी सांगते. पडताळणीच्या टेबलावर मुलीला विचारलं जातं, ‘वेल्डर? घरच्यांना विचारलंस का?’ मुलाला हे कोणी विचारत नाही. डांगरी (वर्कशॉपमध्ये घालायचा अंगभर पोशाख) मिळते ती पुरुषी मापाची. बाह्या दुमडून घातलेली सैल डांगरी लेथच्या फिरत्या चकजवळ (काम पकडणाऱ्या भागाजवळ) किती धोक्याची असते हे कुठल्याही टर्नरला विचारा. सेफ्टी शूज सातच्या खाली येतच नाहीत. कपडे बदलायला खोली नाही, म्हणून मुली घरूनच डांगरी घालून वर पंजाबी ड्रेस चढवून येतात आणि एसटीत घामाघूम होतात. स्वच्छतागृह मुख्य इमारतीत, वर्कशॉप मागच्या बाजूला आणि मधे मोकळं मैदान. पाळीच्या दिवसांत मुली पाणी पिणंच बंद करतात. संध्याकाळची शिफ्ट संपते तेव्हा गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते. तालुक्याला मुलींचं वसतिगृह असलं तर मुलगी ट्रेड निवडते. नसलं तर घरचे निवडतात.

हजेरी ८० टक्के लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. लग्न झालेली, बाळंतपण आलेली मुलगी या आकड्याखाली येते आणि सोडून देते. तिने परत यावं यासाठी संस्थेकडून तिला साधा फोनही जात नाही.

साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन १९८० च्या दशकात रेल्वेत गेल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. आज पुण्याच्या वाहन उद्योगात अख्खी असेंब्ली लाईन मुली चालवतात. मुलींना जमत नाही, या म्हणण्याला आता कसलाही आधार उरलेला नाही.

तरीही दर वर्षी भरती मेळाव्याच्या काळात आयटीआयच्या फळ्यावर कंपन्यांचे कागद लागतात आणि त्यावर लिहिलेलं असतं: ‘फक्त पुरुष उमेदवार’. शासकीय संस्थेच्या फळ्यावर, शासकीय शिक्क्याखाली. मी नोकरीत असताना याला हरकत घेतली तेव्हा मला सांगण्यात आलं, ‘मॅडम, कंपनीची अट आहे, आपण काय करणार? कंपनी दुसरीकडे जाईल.’ १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्रीला स्त्री म्हणून डावलायला मनाई केली होती. भरतीतला भेदभाव आताच्या वेतन संहितेनेही निषिद्ध ठरवला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कंपनीने काय करावं हे कामगार विभाग पाहील. आपल्या फळ्यावर काय लागावं हे तर आपल्या हातात आहे. पीएम-सेतूमध्ये संस्थेच्या कारभारातच उद्योग भागीदार असणार आहेत, त्यामुळे ही गोष्ट आता आधीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. भागीदारीच्या करारात समान संधीची अट पहिल्या पानावर हवी.

जातीबद्दल बोलल्याशिवाय महाराष्ट्रात तांत्रिक शिक्षणाबद्दल बोलता येत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्याला (विणकाम खात्याला) चांगला पगार मिळायचा आणि तिथेच अस्पृश्य कामगाराला उभं राहू देत नसत. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होतो, असं कारण दिलं जायचं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला निवेदन दिलं, त्यात अस्पृश्य मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून शिकायला घ्यावं अशी मागणी होती. हातात कौशल्य आणि कौशल्याला दाम, एवढी साधी ती मागणी आहे. साचेखात्यातली बंदीही रूढीची होती, तोंडी होती.

आज तशी उघड बंदी नाही. पण वर्कशॉप झाडण्याची पाळी ठराविक मुलांवरच का येते? नावाची यादी वाचताना प्रवर्ग मोठ्याने का वाचला जातो? शिष्यवृत्ती वेळेवर जमा झाली नाही म्हणून खासगी संस्था मुलाचं प्रमाणपत्र अडवून ठेवते, आणि त्या प्रमाणपत्राअभावी त्याची अप्रेंटिसशिप हुकते, याला जबाबदार कोण? पालावरचा, पाड्यावरचा मुलगा तालुक्याला येतो, त्याच्याकडे टूलकिट घ्यायला पैसे नसतात आणि पहिल्या दोन महिन्यांत तो दिसेनासा होतो. आपण त्याला गळती म्हणतो.

अशा मुलाने कुठे जायचं? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी समतेचे नियम केले. पण आयटीआय त्या आयोगाच्या कक्षेत येत नाही. दिव्यांग मुलाच्या बाबतीत दिव्यांग कल्याण विभाग वेगळा आणि कौशल्य विभाग वेगळा, त्यामुळे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. दिव्यांग कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, कलम २१ प्रमाणे समान संधीचं धोरण हवं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, आणि त्या कायद्यात दाद मागणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही, म्हणजे प्रशिक्षणार्थी मुलीही त्यात आल्या. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने मे २०२३ मध्ये या समित्या खरोखर आहेत का ते तपासायला सांगितलं होतं. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींनाही शिक्षणसंस्थेत भेदभावापासून संरक्षण दिलं आहे. कायद्यांची उणीव कुठेच नाही. आयटीआयच्या दारावर उभ्या असलेल्या मुलाला यातला एकही अधिकारी, एकही समिती, एकही फोन नंबर दिसत नाही, ही उणीव आहे.

१५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यातल्या ४३४ आयटीआयमध्ये संविधान मंदिराचं, म्हणजे संविधानाची ओळख करून देणाऱ्या जागेचं, उद्घाटन झालं. मला ते आवडलं, हे मी मोकळेपणाने सांगते. वेल्डिंग शिकायला आलेल्या पोराने अनुच्छेद १४, १५ आणि २१ वाचावेत, यापेक्षा चांगलं काय? माझी विनंती एवढीच आहे की त्याच भिंतीवर एक पाटी लावा: या संस्थेत जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून कोणालाही कोणत्याही ट्रेडपासून परावृत्त केलं जाणार नाही, केलं गेल्यास या अधिकाऱ्याला भेटा. खाली नाव आणि नंबर.

हे अशक्य नाही, कारण इतरत्र ते झालं आहे. अमेरिकेत काळ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने चाललेल्या दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर १९७९ मध्ये तिथल्या शासनाने व्यवसाय शिक्षणातला वंश, लिंग आणि अपंगत्वावरचा भेदभाव संपवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत प्रत्येक राज्याच्या शिक्षण यंत्रणेवर जबाबदारी टाकली. दर वर्षी काही व्यवसाय शिक्षण संस्था निवडायच्या, तिथे प्रत्यक्ष जायचं, प्रवेशाचे आकडे, इमारत, समुपदेशन, कंपन्यांशी असलेले करार तपासायचे, त्रुटी लेखी कळवायच्या आणि त्या दूर करण्याची योजना लिहून घ्यायची. मुलीला मुलींच्या ट्रेडकडे वळवणारं समुपदेशन तिथे भेदभाव ठरतं. भेदभाव करणाऱ्या कंपनीकडे विद्यार्थी पाठवायला संस्थेला मनाई आहे. संस्थेने दर वर्षी प्रवेशाआधी भेदभाव न करण्याची सूचना लोकांसाठी प्रसिद्ध करावी लागते. मार्च २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयातले जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करण्यात आले, त्यामुळे तिथेही हे काम संकटात आलं. पण पद्धत घेण्यासारखी आहे. तक्रारीची वाट न पाहता स्वतः जाऊन पाहायचं. आपल्याकडे संस्थांची तपासणी होते, तीत मशिनं मोजली जातात, हजेरीपट पाहिला जातो, जागेचे चौरस मीटर मोजले जातात. त्याच तपासणीत हे चार प्रश्न घालायला वेगळा कायदा लागत नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. पडताळणीच्या वेळी कोणत्याही उमेदवाराला ट्रेड बदलायला किंवा प्रवेश न घ्यायला सुचवलं गेलं, तर ते कोणी आणि का सुचवलं याची लेखी नोंद व्हावी व तिची प्रत उमेदवाराला मिळावी. राखीव जागा रिकामी राहिली तर दुसऱ्याला देण्यापूर्वी त्या उमेदवाराशी संपर्क करून कारण नोंदवावं.

२. दिव्यांग उमेदवाराला ट्रेड नाकारायचा असेल तर व्यक्तिशः तपासणी करून, काय सोय केल्यास तो हा ट्रेड करू शकेल याचा विचार करून, लेखी आदेशानेच नाकारावा. आदेशावर अपील कुठे करायचं ते छापलेलं असावं.

३. पीएम-सेतू किंवा अन्य कोणत्याही योजनेतून होणाऱ्या बांधकामाचा आणि यंत्रखरेदीचा आराखडा सुगमतेच्या निकषांवर तपासल्याशिवाय मंजूर करू नये. ज्या इमारती जुन्याच राहणार आहेत तिथे मागणी येताच वर्ग तळमजल्यावर आणण्याचा अधिकार आणि बंधन प्राचार्यांवर असावं.

४. मुलींच्या मापाची डांगरी, बूट आणि हातमोजे, वर्कशॉपच्या जवळ स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली यांना संस्थेच्या मान्यतेच्या निकषांइतकंच महत्त्व द्यावं. वसतिगृह होईपर्यंत शेवटच्या एसटीची वेळ पाहून शिफ्ट लावाव्यात.

५. ‘फक्त पुरुष’ किंवा तत्सम अट असलेली एकही जाहिरात आयटीआयच्या फळ्यावर, संकेतस्थळावर किंवा मेळाव्यात येऊ नये. उद्योग भागीदारांच्या करारात ही अट घालावी.

६. शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती थकली म्हणून कोणाचंही प्रमाणपत्र अडवलं जाऊ नये. अडवणाऱ्या खासगी संस्थेवर कारवाई व्हावी आणि ती जाहीर व्हावी.

७. दिव्यांग प्रशिक्षणार्थ्यांना ऑनलाइन लेखी परीक्षेत केंद्रीय सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो याची खात्री करावी. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी तशाच सवलतींचे स्पष्ट नियम करावेत. आज तिथे परीक्षकाच्या मनावर चालतं.

८. प्रत्येक आयटीआयचा, शासकीय आणि खासगी, ट्रेडनिहाय अहवाल दर वर्षी प्रसिद्ध व्हावा: किती मुली, किती दिव्यांग, प्रत्येक प्रवर्गातले किती आले, किती मधेच गेले, किती उत्तीर्ण झाले, किती जणांना अप्रेंटिसशिप मिळाली. एकूण राज्याचा आकडा नको, संस्थेचा हवा.

९. दर वर्षी प्रत्येक विभागातल्या काही संस्थांची समान संधीच्या दृष्टीने प्रत्यक्ष पाहणी व्हावी. पाहणी पथकात एक दिव्यांग व्यक्ती, एक स्त्री निदेशक आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती असावी. अहवाल आणि त्यावरची कार्यवाही लोकांसमोर यावी.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मागणीला आपल्या एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही, खर्च तर नाहीच. पुढच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका निघण्यापूर्वी निदान या चार गोष्टींचं परिपत्रक काढावं आणि पुस्तिकेत छापावं, अशी माझी विनंती आहे. बाकीच्यांसाठी कालमर्यादा जाहीर करावी.

पाहणीला माणसं नाहीत असं उत्तर येऊ शकतं, म्हणून आधीच कळवते: मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले काही निदेशक हे काम करायला तयार आहोत. वर्कशॉप आम्हाला आतून माहीत आहे, कुठे काय पाहायचं ते कळतं. मानधन नको. संस्थेच्या आत जाण्यासाठी आणि कागद मागण्यासाठी आपल्या सहीचं पत्र मात्र लागेल.

आपली,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, टर्नर ट्रेड